खोका उघडू नकोस

९ नोव्हेंबर, सकाळी

प्रिय ठकू,

हे पत्र मी आज टाकणार नाही. चौदा तारीख उलटली की टाकीन. मग तू ते न वाचता फाडलंस तरी चालेल, तोवर माझं काम झालेलं असेल.

मी चॉकलेट करायला शिकले. हसू नकोस. बासष्टाव्या वर्षी डोक्याला कागदी टोपी लावून आणि ॲप्रन बांधून काल दिवसभर उभी होते. चौकापलीकडे चॉकलेटचा एक लहानसा कारखाना आहे. तिथल्या बाई रविवारी दहा माणसांना बोलावतात आणि स्वतःच्या हाताने चॉकलेट करायला शिकवतात. केलेलं घरी न्यायचं. जाहिरात वाचली आणि तुझा मामा आठवला. गेल्या वर्षी वारण्याआधी त्याने मला तुझा नवा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, "ठकूच्या पिल्लूने अजून चॉकलेट चाखलेलं नाही गं." दुकानातल्या प्रत्येक वेष्टनावर बदामाचा अंश असू शकतो असं छापलेलं असतं, म्हणून तू कुठलंच घेत नाहीस म्हणे. पोरगं या चौदाला सात वर्षांचं होईल.

म्हटलं, वेष्टनांच्या नादी लागायचंच कशाला? आपणच करू, आपल्या हाताने, बिनबदामाचं.

शिकवणाऱ्या बाई भलत्या कडक. पहिल्या पाच मिनिटांत दम दिला, "हात कोरडे ठेवा. पाण्याचा एक थेंब पडला तर पातेलंभर चॉकलेटचा दगड होतो." मग तापमानाची पोपटपंची. दुधाचं चॉकलेट पंचेचाळीस अंशांवर वितळवायचं, त्यात न वितळलेल्या चॉकलेटचे बारीक तुकडे टाकून ढवळत ढवळत तिसावर आणायचं. त्या तुकड्यांना तिथे 'बी' म्हणतात. विरजण लावावं तसा प्रकार. बी नीट लागलं की चॉकलेटला चकाकी येते आणि तोडताना टक्कन आवाज होतो. नाही लागलं तर वरती पांढुरके पट्टे, पायाला भेगा पडल्यासारखे.

मी बाईंना सांगून टाकलं, "अंश आणि ग्रॅम मला शिकवू नका. तीस वर्षं डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. पुड्या बांधताना माझा हात कधी चुकला नाही." माझ्या शेजारी एक निवृत्त तिकीट तपासनीस होते. ते म्हणाले, "मग आम्ही तुमच्याच पातेल्यात बघतो." सगळे हसले. मध्येच एकदा माझा पारा जरा वर गेला, पण सावरलं. शेवटी बाईंनी सर्वांना माझीच चॉकलेटं दाखवली. चोवीस निघाली. मी एकही तोंडात टाकलं नाही, सगळी त्याची.

आता खरं सांगते. चॉकलेटं आज कुरिअरने पाठवते आहे, त्या खोक्यावर माझं नाव नाही. माझं नाव दिसलं तर तू दारातूनच परत पाठवशील. म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी बाईंच्या कारखान्याचं नाव घातलं. कुठल्याशा दुकानातून भेट आली असं तुला वाटेल. आणि वर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'यात बदाम, काजू, अक्रोड, शेंगदाणे काहीही नाही.' तू ती आधी वाचशील हे मला माहीत आहे.

साडेचार वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. त्या दिवशी जे झालं ते चुकून झालं, हे मी किती वेळा लिहिलं असेल. असो. आज वाद नको. तो चॉकलेट खाताना कसा दिसतो ते मला कधीच कळणार नाही, पण तो खाईल.

तुझी आई


११ नोव्हेंबर, दुपारी तीन

ठकू, खोका उघडू नकोस.

उघडला असलास तर त्याला हात लावू देऊ नकोस. चॉकलेटच्या कारखान्याच्या नावाने आला आहे तो, मीच पाठवला आहे. त्यात बदाम आहे.

हे पत्र सर्वांत जलद पाठवणाऱ्याकडे देते आहे आणि पाच वाजताच्या बसने मीसुद्धा निघते आहे. कोण आधी पोचेल ते कळत नाही, म्हणून दोन्ही करते. घाईत लिहिते आहे. अक्षर लागत नसेल तर वरची पहिली ओळ तेवढी वाच.

झालं असं. दीड वाजता कार्यशाळेच्या ग्रुपवर त्या तिकीट तपासनिसांचा निरोप आला. "आजींची चॉकलेटं चकाकली ती माझ्या बदामाच्या बियांमुळे. आता दंड भरा!" पुढे हसरे चेहरे. मी ते तीनदा वाचलं. भिंत धरून खाली बसले.

न टाकलेल्या पत्रात मी तुला लिहिलं आहे, पारा जरा वर गेला म्हणून. जरा नव्हता गेला. छत्तिसावर गेला होता. दिलेलं बी संपलं होतं आणि मिश्रण काही थंड होईना. इतकी शेखी मिरवल्यावर कुठल्या तोंडाने बाईंकडे जाऊन म्हणणार होते, माझं बिघडलं म्हणून? त्यांनी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं असतं. तपासनिसांनी माझं तोंड पाहिलं आणि बाईंची पाठ फिरताच आपल्या ताटलीतले मूठभर तुकडे माझ्या पातेल्यात सोडले. म्हणाले, "ढवळा, ढवळा, कोणाला कळतंय." मी ढवळलं. ते बदामाचं चॉकलेट करत होते. बदाम लोण्यासारखा वाटून घातलेलं असतं ते, रंगाने अगदी माझ्यासारखंच. तरी मी विचारायला हवं होतं. चकाकी आली आणि मी सगळं विसरले.

लगेच बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मला काय सांगितलं होतं आठवतं का? मला बदाम आवडत नाहीत, म्हणालात. ॲलर्जी हा शब्द काढलात का?"

नव्हता काढला.

"काढला असतात तर एक तुकडा बाहेर नेऊ दिला नसता. इथल्या फरशीवर, पात्यांवर, साच्यांत, सगळीकडे बदाम आहे. ते बी नसतं घातलं तरी चाललं नसतं, आजी."

मला हे ठाऊक नव्हतं असं लिहिणार होते. पण बाई नाही म्हणतील याची भीती होती, म्हणूनच मी तो शब्द काढला नाही. नाही म्हणाल्या असत्या तर मी कुठे जाणार होते?

कुरिअरच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या मुलीने यंत्रात पाहिलं आणि कौतुकाने सांगितलं, "पोचलं की! आजच, अकरा चाळीसला." मी म्हटलं, परत आणा. ती म्हणाली, घेणाऱ्याने परत दिलं तरच आणता येतं. माझ्या मागच्या माणसाला वाटलं, माझं काहीतरी हरवलं आहे.

तुझा जुना नंबर बंद आहे. जावयांचाही बंद. मामा गेला, तेव्हापासून आपल्या दोघींना ओळखणारं माणूस उरलेलं नाही. तू कुठे नोकरी करतेस मला माहीत नाही, त्याची शाळा माहीत नाही. शेवटी तुमच्या शहरातल्या पोलिसांना फोन केला. तिथला हवालदार म्हणाला, "कोणी धमकी दिली आहे का?" म्हटलं, नाही. "मग कोणी पाठवलं आहे ते?" म्हटलं, मी. "तुम्हीच पाठवलं आणि तुम्हीच तक्रार करताय?" मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने पत्ता घेतला. कोणी मोकळं असेल तर पाठवतो म्हणाला. त्याने लिहून घेतलं की नुसतं हं हं केलं, कळलं नाही.

त्या चिठ्ठीचं काय करू गं? मी चिठ्ठी चिकटवली नसती तर तू उघडलंच नसतंस. तू सगळं वाचतेस, वाचल्याशिवाय त्याला काही देत नाहीस. मी नेमकं तुला वाचायला लिहिलं.

निघते. औषधाची सुई घरात आहे ना? कुठे ठेवली आहेस ते आत्ता बघ.

आई


१२ नोव्हेंबर, सकाळी, बसमध्ये

ठकू,

अजून पाच तास आहेत. गाडी चहासाठी थांबली आहे. सगळे उतरले, मी बसून आहे. उतरले तर गाडी मला टाकून जाईल असं वाटतं. चालकाला दोनदा विचारून झालं, किती वेळ. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच चालवा."

तुला हे कधी मिळेल, मिळेल की नाही, माहीत नाही. पण काही लिहिलं नाही तर डोक्यात भलतंच येतं. तो घरी शाळेतून येतो. टेबलावर खोका आहे. तू चिठ्ठी वाचलीस आणि मनात म्हणालीस, चला, एकदाचं कोणीतरी नीट लिहिलेलं दिसतंय. तू त्याला एक दिलंस. एकच. इथपर्यंत आलं की मी खिडकीबाहेर बघते आणि विजेचे खांब मोजते. शंभर झाले की पुन्हा तेच.

मला त्याचा आवाज आठवतो. त्या दिवशीचा. अडीच वर्षांचा होता. आधी त्याने ओठ चोळले. मग ओठ फुगले, मग डोळे, आणि श्वासातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. मी दवाखान्यात तीस वर्षं काढली, दमेकरी पाहिले, विंचू चावलेली माणसं पाहिली. तसा आवाज ऐकला नव्हता. तू आंघोळीला गेली होतीस. तुला हाक मारायला मला उशीर झाला. तू हे कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. पाच मिनिटं असतील. आधी मी त्याचं तोंड धुतलं, पेला विसळला, ओटा पुसला. मग हाक मारली. मी काय पुसत होते ते तुला कळेल असं वाटतं.

भीती वाटली, ठकू. तो मरेल याची नंतर वाटली. आधी वाटली ती तू काय म्हणशील याची.

काल मात्र मी पाच मिनिटंही दवडली नाहीत. त्याने काही फरक पडणार नाही, मला माहीत आहे.

शेजारच्या सीटवर एक बाई आहे, टापटीप, कपाळावर आठी. तिने मघाशी विचारलं, "नातवाकडे?" हो म्हटलं. "मग काय नेताय त्याच्यासाठी?" मी म्हटलं, "नेत नाही. आणायला चालले आहे." तिला वाटलं, मी त्यालाच आणायला चालले आहे. म्हणाली, "छान. आजीकडे राहिलं की मुलं सुधारतात." मला हसू आलं आणि ते थांबेना, मग रडू आलं. बिचारीने आपली पाण्याची बाटली पुढे केली. तिच्या फोनवरून तुझा जुना नंबर लावून पाहिला. माझ्या फोनवरून लागत नसेल पण तिच्यावरून लागेल, अशी वेडी आशा. हा नंबर अस्तित्वात नाही.

गाडी सुटतेय.


१२ नोव्हेंबर, दुपारी, तुझ्या जिन्यात

ठकू,

तो बरा आहे. तूच सांगितलंस, तरी मी पुन्हा लिहून बघते. तो बरा आहे.

तू दार साखळीएवढंच उघडलंस. मी एका दमात सगळं ओकले: बदाम, बी, तपासनीस, चिठ्ठी. मला वाटलं, उशीर झाला. तुझं तोंड इतकं पांढरं होतं. मग म्हणालीस, "काल आलं तेव्हाच ओळखलं. तुझं अक्षर आहे ते. दवाखान्यातल्या बाटल्यांवर वीस वर्षं वाचलंय मी. दोन पिशव्यांत बांधलं आणि खाली कचऱ्याच्या गाडीत टाकून आले."

मी तिथेच पायरीवर बसले.

तू साखळी काढली नाहीस. म्हणालीस, "आई, चमच्याला लागलेल्या कणाने तो जाता जाता राहिला. कणाने! डॉक्टर म्हणाले, इतक्याशाने असं होत असेल तर हवेतला बदामसुद्धा याला पेलणार नाही. शाळेत तो वेगळ्या खोलीत एकटा जेवतो. साडेचार वर्षांत एका मुलाच्या वाढदिवसाला गेलेला नाही. बसमध्ये मी आधी सीट पुसते, मग त्याला बसवते. परवा मला विचारत होता, माझ्याशेजारी बसून कोणी जेवलं तर तो मरतो की मी? आणि तू चोवीस चॉकलेटं करून पाठवतेस."

आतून त्याने तुला हाक मारली. आवाज मोठा झालाय. तू दार लावून घेतलंस. बरोबर केलंस.

तेव्हापासून मी इथे पायरीवर बसले आहे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा चढून उतरून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "कोणी हवंय का?" मी म्हटलं, पत्र लिहितेय. ते घाईने गेले.

बसमध्ये लिहिताना मला वाटत होतं, तो सुखरूप असला तर बाकी काही सांगायची गरज नाही. आता तो सुखरूप आहे आणि तुझं बोलणं डोक्यातून जात नाही. वेगळी खोली. मला हे माहीत नव्हतं. मामाने चॉकलेटचं सांगितलं, हे सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

ठकू, कण नव्हता.

तुमच्या डॉक्टरांनी बदाम बंद सांगितला होता. त्याच्या अंगावर एकदा गांधी उठल्या म्हणून. मी मनात म्हटलं, कालची पोरं, मला शिकवतात. तीस वर्षं मी पुड्या बांधल्या, गांधी काय मला नवीन आहेत? बदामाने मुलं हुशार होतात, आपल्या घरात सगळ्यांनी खाल्ला, तूही खाल्लास. थोडं पोटात गेलं की अंगवळणी पडेल आणि मग मी तुला दाखवीन, असं मी ठरवलं होतं. तू आंघोळीला जायची वाट पाहिली. पूड मी आदल्या दिवशीच करून डब्यात लपवली होती. कोमट दुधात घातली, साखर घातली. त्याने सगळं प्यायलं आणि पेला मला दाखवला, संपला म्हणून.

इस्पितळात तरुण डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, किती खाल्लं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "मी बदाम खात होते, तोच चमचा चुकून त्याच्या दुधात गेला. लागलं असेल कणभर." त्यांनी माझ्या समोर कागदावर लिहिलं: अत्यल्प मात्रा. मी कंपाउंडर आहे, ठकू. त्या दोन शब्दांवरून पुढे काय काय ठरतं ते मला त्या खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. मी कागद वाचला, घडी केली आणि तुझ्या हातात दिला.

पुढे मी तुला इतकी पत्रं लिहिली आणि प्रत्येकात लिहिलं, चुकून झालं. आज दारातसुद्धा मी बियांचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, हे सांगितलं नाही. तू माझ्यासमोर उभी होतीस आणि माझी जीभ उचलली नाही. मला अजूनही तुझी भीती वाटते. हे वाचल्यावर तू पुन्हा दार उघडणार नाहीस, आणि ते मला कळतं.

याचा अर्थ त्याला बदाम चालेल असा नाही. त्याला घातकच आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. किती जपायचं आणि किती मोकळं सोडायचं ते डॉक्टर तपासून ठरवतील. पण त्यांना खरा आकडा लागेल आणि तो माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. कदाचित त्याला त्या खोलीत बसावं लागणार नाही. कदाचित बसावं लागेलही. मला माहीत नाही.

आधीची पत्रं आणि हे दाराखालून सरकवते. अकरा तारखेचं वेगळं कुरिअरने येईल, ते वाचलं नाहीस तरी चालेल. हे शेवटचं आधी वाच. मी उत्तरासाठी थांबत नाही, सहाची बस आहे.

डॉक्टरांना सांग: दोन चमचे होते. मोठे, शिगोशीग भरलेले, शुद्ध बदामाची पूड, पाऊण पेला दुधात. मी मोजून घातले होते.